छत्तीसातले अकरा

२ सप्टेंबर, सोमवार

शाळा सोडून आज सोळा दिवस झाले. हाताला काम नसलं की माझे पाय सुरू होतात. खोलीपासून गॅलरीपर्यंत अकरा पावलं, परत येताना बारा. हे एक पाऊल कुठून वाढतं ते शोधण्यात अख्खी सकाळ गेली. शेवटी ही म्हणाली, "अहो, जिना उतरून खाली चाला. लाद्या झिजतील." ही चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. फ्रिजवर दुकानातल्या पिवळ्या कागदांचा गठ्ठा लटकवलाय, त्यावर सामानाच्या यादीबरोबर माझ्यासाठी कामंही लिहून ठेवते. आज लिहिलं होतं, 'नळ. वॉशर. आजच.'

नळ राहिला, कारण आज बातमी आहे. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल मला मिळाला! दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता. विषय, रोजच्या जगण्यातलं गमतीचं गणित. सहा शनिवार चाचणी. सहाव्याला चाळीस माणसं आली तर हॉल कायमचा माझा, नाहीतर नृत्यवर्गाचा. ग्रंथपाल बाई जिन्याच्या तोंडाशी टेबल टाकून बसतात, त्या स्वतः डोकी मोजून वहीत लिहिणार आहेत.

शाळा का सोडली, असं विचारणाऱ्याला मी एकच उत्तर देतो. मुख्याध्यापिका बाईंना अभ्यासक्रम हवा होता आणि मला गणित. ऐकायला बरं वाटतं.

मिठूलाही हॉलचं सांगितलं. मिठू म्हणजे आमची एकुलती एक, नववीत आहे, त्याच शाळेत. लहानपणी तोंड क्षणभर बंद नसायचं म्हणून मिठू. हल्ली 'हं'च्या पुढे गाडी जात नाही. आजही 'हं' म्हणाली आणि खोलीत गेली. वयच तसं आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार

तयारी म्हणून हिच्याबरोबर मालिका पाहिली. एरवी मी त्या खोलीत फिरकत नाही, पण आज वही घेऊन बसलो. मालिकेतल्या घरात अकरा माणसं. अकरा माणसांच्या जोड्या पंचावन्न. प्रत्येक जोडीत एकदा तरी गैरसमज व्हायलाच हवा, आणि तो मिटायला चार भाग लागतात. म्हणजे दोनशे वीस भागांच्या आत मालिका संपणं शक्यच नाही. यात लेखकाचा दोष नाही, बेरजेचाच आहे.

मी हे खुशीत सांगत होतो. ही पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "आपल्या घरात तीन माणसं. तीन जोड्या. त्यातल्या एका जोडीचे चार भाग कधीच होऊन गेले."

उदाहरण चुकलंच तिचं. तीन माणसांत मालिका चालत नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

झालं! पहिला शनिवार पार पडला. खडू दोनदा पडला. बिस्किटाच्या पुड्यांवर बोललो. प्रत्येक पुड्यात वीस खेळाडूंपैकी एकाचं चित्र, तर सगळे वीस जमवायला सरासरी किती पुडे लागतील? लोक म्हणाले तीस, चाळीस. उत्तर बहात्तर. शेवटचा एक खेळाडूच वीस पुडे खायला लावतो. पहिल्या रांगेतले एक निवृत्त बसचालक ओरडले, "मास्तर, म्हणूनच नातवाचं पोट बिघडलं होतं!" हॉल हसला. एवढं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

माणसं चौदा. ग्रंथपाल बाईंनी वहीत पंधरा लिहिले. मी म्हणालो, मी फळ्यापासून दोनदा मोजलेत. त्या म्हणाल्या, "जिना चढून आलेलं प्रत्येक डोकं माझ्यासमोरून जातं, सर." इतकी पुस्तकं सांभाळतात आणि पंधरापर्यंत नीट मोजता येत नाही.

बाईंच्या टेबलावर चपलांचं रिकामं खोकं फट पाडून ठेवलंय, लोकांनी त्यात प्रश्न टाकायचे. आज तीन निघाले. दोन टुकार. तिसरा मात्र असा की मी जिन्यातच थांबलो:

'सकाळी सात ते आठ या वेळात घरातली दोन माणसं स्वयंपाकघरात येतात. कोण कधी येईल याचा नेम नाही. प्रत्येक जण दहा मिनिटं थांबून निघून जातो. दोघांची भेट होण्याची शक्यता किती?'

काय सुंदर प्रश्न आहे! पिवळा कागद, एका कडेला भोकं. मागे दोन रकाने छापलेले, 'उजवा' आणि 'डावा'. कुठल्यातरी कवायतीच्या वर्गातला असावा. अक्षर वाकडंतिकडं, हात कापत असल्यासारखं. कोणीतरी वयस्कर, एकटे गृहस्थ असणार. मला त्यांना भेटायला आवडेल.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज माणसं एकोणीस. बाईंच्या वहीत वीस. मी नुसता कपाळाला हात लावला.

कवायतवाल्यांचा प्रश्न सोडवला. फळ्यावर मोठा चौकोन काढला. आडव्या बाजूवर एकाची येण्याची वेळ, उभ्या बाजूवर दुसऱ्याची. दहा-दहा मिनिटांचे भाग पाडले की छत्तीस घरं होतात. भेट होत नाही ते दोन कोपऱ्यांतले दोन त्रिकोण. ते एकमेकांना जोडले की पाच गुणिले पाच, पंचवीस घरं. मधल्या पट्ट्यात उरली अकरा. छत्तीसातले अकरा! दहा दिवसांत जेमतेम तीन वेळा भेट.

"एका घरात राहून इतकी कमी भेट," मी म्हणालो, "म्हणजे नक्कीच नवरा-बायको." हशा.

खोक्यात पुन्हा पिवळा कागद होता: 'त्यातली एक आता वीस मिनिटं थांबू लागली. दुसरा दहाच. तर?'

बघा, माणूस विचार करतोय. नुसतं उत्तर घेऊन गप्प बसणाऱ्यांतला नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

परवापासून सकाळी साडेसहालाच बाहेर पडतो. पुढचा विषय गाड्यांचे क्रमांक. कुठल्याही वीस गाड्या घ्या, त्यांतल्या दोन गाड्यांचे शेवटचे दोन आकडे सारखे निघण्याची शक्यता सत्त्याऐंशी टक्के. लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून पुरावा गोळा करतोय. चौकातल्या कठड्यावर बसून वही भरतो आणि साडेआठला परत येतो.

खरं सांगायचं तर घरात सकाळी बसवत नाही. मिठू शाळेचा गणवेश घालून समोर येते आणि माझी नजर कुठे ठेवावी ते मला कळत नाही.

ही म्हणाली, "मिठू हल्ली सकाळी स्वयंपाकघरात रेंगाळते. चहा संपला तरी कप धुतच असते."

"नळ गळतोय, तो आधी बंद करायला सांग," मी म्हणालो.

"नळ तुम्हाला सांगितलाय," ही म्हणाली.

२१ सप्टेंबर, शनिवार

गाड्यांचं गणित रंगलं. बसचालक म्हणाले, "चाळीस वर्षं रस्त्यावर काढली मास्तर, कधी बघितलंच नाही." माणसं बावीस, वहीत तेवीस. दर वेळी एकच जास्त. माणूस चुकला तर कधी एक जास्त, कधी दोन कमी असं चुकतो. या बाई नेमाने चुकतात. यावरही एक शनिवार बोलता येईल.

पिवळ्या कागदाचं उत्तर दिलं. एकाने थांबायची वेळ दुप्पट केली की छत्तीसातले अकरा वाढून बहात्तरातले एकतीस होतात. टक्क्यांत साडेतीसाचे त्रेचाळीस. एकाच माणसाने थोडं जास्त थांबायचं ठरवलं तरी एवढा फरक! सांगताना हा आकडा मी फळ्यावर दोनदा लिहिला. का ते कळलं नाही.

खोक्यातला तिसरा पिवळा कागद मात्र निराशा करणारा: 'ती वीस मिनिटं थांबते. दुसरा घरातच नसतो. शक्यता काढा.'

हे काय झालं?

२५ सप्टेंबर, बुधवार

बसथांब्यावर मुख्याध्यापिका बाई भेटल्या. टाळता आलं नाही. हॉलबद्दल चांगलं बोलल्या. मग म्हणाल्या, "सर, तिच्याशी बोललात का?"

माझी बस आली म्हणालो आणि भलत्याच बसमध्ये चढलो. तीन थांबे पुढे उतरून चालत आलो.

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहून टाकतो. ऑगस्टमध्ये वर्गात दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग करायला दिला होता. मिठूला फळ्यावर बोलावलं. तिने पहिल्या संख्येचा वर्ग लिहिला, दुसऱ्या संख्येचा वर्ग लिहिला, मधे अधिकचं चिन्ह दिलं आणि खडू खाली ठेवला. नववीतल्या निम्म्या मुलांची ही चूक असते. मी म्हणालो, "दवाखान्यात बाळं बदलली की काय?" बेचाळीस मुलं हसली. तास संपेपर्यंत कोणी ना कोणी फिदीफिदी करतच होतं.

मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, वर्गात बोललात, तर माफीही वर्गातच मागा. मी म्हणालो, ती माझी मुलगी आहे, घरी बघून घेईन. त्या म्हणाल्या, "घरी तुमची असेल. इथे ती माझी विद्यार्थिनी आहे." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. राजीनाम्याचा अर्ज लिहायला पाच मिनिटं लागली.

घरी काहीच बघितलं नाही. विनोद होता तो. विनोदाची माफी काय मागायची? आणि मागायची म्हटली तर सुरुवात कुठून करायची?

२८ सप्टेंबर, शनिवार

माणसं सव्वीस. वहीत सत्तावीस.

आज मी जरा जास्तच रंगात आलो. तिसरा पिवळा कागद वाचून दाखवला आणि म्हणालो, "शक्यता शून्य! पण मंडळी, हे गणित नव्हे, ही तक्रार आहे. गणित आणि रडगाणं यांतला फरक प्रश्नकर्त्याला कळत नाही. माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता." लोक खदखदून हसले. मागच्या बाजूला, जुन्या वर्तमानपत्रांच्या कपाटाकडे, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

बसचालक तेवढे हसले नाहीत. निघताना म्हणाले, "मास्तर, तो प्रश्न हसण्यासारखा नव्हता. माझा भाऊ आणि मी एका घरात सहा वर्षं बोललो नव्हतो."

"पण गणित म्हणून..." मी म्हणालो.

"गणित तुम्हाला ठाऊक," असं म्हणून ते जिना उतरले.

आज खोक्यात पिवळं काही नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

शेवटी आकडा जुळला! मी मोजले चोवीस, बाईंच्या वहीतही चोवीस. मी म्हणालो, "बघा बाई, नीट मोजलं की जमतं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात नृत्यवर्गाच्या बाई आल्या आणि हॉलची लांबी-रुंदी पावलांनी मोजू लागल्या.

खोकं दोनदा उलटं करून आपटलं. पिवळा कागद नाही. कवायतवाल्यांना लागलं असेल का? आजारी पडले असतील का? घरी येऊन आधीचे तिन्ही कागद पुन्हा पुन्हा वाचले. आज आकडा जुळला, खरं तर आनंद व्हायला हवा. खोली ते गॅलरी, गॅलरी ते खोली चाललंय. मोजलीही नाहीत पावलं.

६ ऑक्टोबर, रविवार

हिने सामानाची यादी लिहायला सांगितली. फ्रिजवरच्या गठ्ठ्यातला कागद ओढला. साबण लिहिलं, अंडी लिहिली. मग उलटून पाहिलं.

'उजवा डोळा. डावा डोळा.'

कडेला भोकं. चष्म्याचे नंबर लिहायचे कागद. रोज डोळ्यांसमोर लटकत होते. वहीतले तीन कागद काढून शेजारी ठेवले. दोन्ही रकान्यांतला 'डोळा' हा शब्द कातरून टाकला होता, कात्रीची रेघ सरळ. अक्षर कापऱ्या हाताचं नाही, डाव्या हाताने लिहिलेलं.

मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसलो. ही आली, कागद पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

"कागद कमी होत होते एवढं ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"प्रश्न मला विचारला नव्हता," ही म्हणाली.

बाकावर उभा केला असता म्हणालो मी. भर हॉलमध्ये. दुसऱ्यांदा.

७ ऑक्टोबर, सोमवार

ग्रंथालय उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. बाई किल्ली फिरवतच म्हणाल्या, "वर्तमानपत्रांच्या कपाटामागे एक खुर्ची आहे. पहिल्या शनिवारपासून तिथे बसायची. तुमच्या आधी येते, तुमच्यानंतर उतरते. मी तिला पुढे बसायला सांगितलं, तर म्हणाली इथून फळा दिसतो, बाबा दिसत नाही, तेच बरंय."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं की. दर आठवड्याला वहीत लिहून सांगितलं. तुम्ही म्हणालात मला मोजता येत नाही."

मी चारदा बरोबर आकड्याला चूक ठरवलं, आणि ती आली नाही त्या दिवशी शाबासकी दिली.

८ ऑक्टोबर, मंगळवार

साधा विचार केला. दोघांतला एक जण पूर्ण तासभर थांबला तर दुसरा कधीही येवो, भेट होणारच. शक्यता एक. सात वाजता स्वयंपाकघरात जाऊन बसलो. आधी नळाचा वॉशर बदलला, मग चहा केला, तो निवला.

आठ वाजले. ती आली नाही. पाण्याची बाटली तिने रात्रीच भरून खोलीत ठेवली होती. तशीच शाळेत गेली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

चार दिवस झाले, सात ते आठ. आलीच नाही. प्रश्नातलं पहिलं वाक्यच मी गृहीत धरलं होतं, 'दोन माणसं स्वयंपाकघरात येतात.' ती येणं बंद करू शकते हे कुठल्याच चौकोनात नव्हतं.

काल तिच्या दारापर्यंत गेलो. हात वर केला. आत पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. हात खाली घेतला. मोठा गणिताचा मास्तर! दार वाजवायची हिंमत नाही.

मुख्याध्यापिका बाईंचं बोलणं डोक्यातून जात नाही. चारचौघांत बोललो ते दाराआड कसं परत घेणार?

उद्या शेवटचा शनिवार. नृत्यवर्गाच्या बाईंनी आरसे कुठे लावायचे त्याच्या खुणाही करून ठेवल्यात.

१२ ऑक्टोबर, शनिवार

तयार केलेला विषय बाजूला ठेवला. फळ्यावर चौकोन काढला. दोन्ही बाजूंचे दोन-दोन तुकडे केले, एक मोठा, एक लहान.

म्हणालो, "ऑगस्टमध्ये एका मुलीने फळ्यावर या चौकोनातले हे दोन चौरस लिहिले आणि हे दोन आयत विसरली. दोन मिनिटांत मी हे चित्र काढून दाखवू शकलो असतो. मी विनोद केला. दवाखान्यात बाळं बदलली का, असं म्हणालो. बेचाळीस मुलं हसली. ती माझी मुलगी आहे. चूक गणितातली होती, ती साधी होती. माझी साधी नव्हती."

मला कपाटाकडे बघायचं नव्हतं, म्हणून खडूकडे बघत बोललो.

"त्यानंतर तिने इथे तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याला मी तक्रार म्हणून हसलो. तो प्रश्न बरोबर होता. दुसरा घरात नसेल तर शक्यता शून्य, आणि दुसरा मी होतो. मिठू, मी चुकलो. वर्गात, आणि इथेही."

पुढे काय बोललो ते आठवत नाही. बसचालकांनी पाण्याचा ग्लास दिला एवढं आठवतं. निघताना म्हणाले, "मास्तर, हॉल गेला तर आमच्या डेपोत जुनी बस उभी आहे. बावन्न आसनं. विचारून बघतो."

मी मोजली होती एकतीस माणसं. चाळीस नाहीत. हॉल नृत्यवर्गाचा. जिन्याशी बाईंनी वही माझ्याकडे वळवली, सही करायला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, बत्तीस.

मी वाद घातला नाही. सही केली. जिन्याच्या खालच्या वळणावर क्षणभर कठडा धरून उभा राहिलो आणि घरी निघालो.

१३ ऑक्टोबर, रविवार

सात वाजता बसलो. सात वाजून बावीस मिनिटांनी चपलांचा आवाज आला. तिने चहा ओतून घेतला. माझ्याकडे पाठ करून ओट्याला टेकून उभी राहिली. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होतो. दहा मिनिटं झाली. वीस झाली. कप रिकामा होता, पण तिने तो धरूनच ठेवला होता.

"छत्तीसातले अकरा बरोबर होतं," ती म्हणाली. "पण चौकोन वाकडा काढला होतास. मागून तर पतंगच दिसत होता."

"खडू ओला होता."

"खडूचं काय त्यात, बाबा? हात थरथरत होते तुझे."

"हो," मी म्हणालो.

मग ती समोर येऊन बसली. म्हणाली, मला अजून राग आहे. मी म्हणालो, असू दे. म्हणाली, दवाखान्याचं वर्गातली दोन मुलं अजून बोलतात. मी बिस्किटांचा पुडा तिच्यापुढे सरकवला. मग ती बिस्किटाच्या पुड्यांवर आली. दोन मित्रांनी आपापली जास्तीची चित्रं एकमेकांना दिली तर बहात्तराचे किती होतील? मला पटकन सांगता आलं नाही. तिने फ्रिजवरचा पिवळा कागद ओढला आणि या वेळी उजव्या हाताने लिहू लागली. मधेच बोलत होती, आणखी बोलत होती. मी अधूनमधून 'हं' म्हणत होतो.

ही दारात येऊन म्हणाली, "अहो, सव्वानऊ झाले."

प्रश्नात आठच्या पुढचं काही धरलेलंच नव्हतं.